लेडीज लाइनमधून पाहिलेला सिनेमा

२ फेब्रुवारी १९७५, रविवार

आजपासून जो सिनेमा पाहीन त्यावर माझं मत लिहायचं. मत स्वतंत्र असेल, निर्भीड असेल आणि समाजाच्या हिताचं असेल. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा खिदिरपूरच्या जेटीवर कामाला; तिथे त्यांनी परदेशी बोटीवरच्या खलाशांनासुद्धा सांगितलं की मुलगी बी. ए. झाली. इतक्या लांबपर्यंत बातमी गेल्यावर नुसत्या शिकवण्या करत बसणं बरं दिसत नाही.

वाईट सिनेमांची नावं इथे लिहिणार नाही. त्यांना तेवढा मान द्यायचा नाही. चांगल्यांचीही लिहिणार नाही, पक्षपात नको.

आज इथल्या महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू. सरोजकाकूंना न्यायला त्यांचा चारुदत्त आला होता. त्याच्या वडिलांची, श्यामकांतकाकांची, बँकेतून नागपूरहून इकडे बदली झाली, त्याला दोन वर्षं झाली; चारुदत्त इथेच विमा ऑफिसात लागला. त्याने आपण होऊन विचारलं, “तुम्हाला सिनेमाची आवड आहे ना?” मी सिनेमा आणि समाज यावर थोडक्यात बोलले. सरोजकाकू दोनदा “चल रे” म्हणाल्या, तरी तो उभा होता. शेवटी म्हणाला, “शुक्रवारी सकाळी मोकळ्या असता का तुम्ही?”

कलकत्त्यात माझ्या मतांची कदर करणारा पहिला माणूस. आमचा संबंध केवळ वैचारिक राहील.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चारुदत्तबरोबर धर्मतल्ल्याला सिनेमाला गेले. पुरुषांची लाइन थिएटरला वळसा घालून मागच्या मिठाईच्या दुकानापर्यंत. लेडीज लाइनमध्ये नऊ-दहा बायका. चारुदत्त म्हणाला, “तुम्ही जरा इथे उभ्या राहता का? माझं ऊन लागून डोकं दुखतं.” नाजूक प्रकृती. विचारी माणसांची असते. मी चार तिकिटं काढली. तिसरं आणि चौथं त्याच्या ऑफिसातल्या दोन मित्रांचं. तेही डोकेदुखीवालेच असावेत, सावलीत सिगरेट ओढत होते.

मत: डाकूंचा सिनेमा. अत्यंत सवंग. डाकूची आई मरते तो प्रसंग विनाकारण लांबवला आहे. हॉलमध्ये धूर फार, त्यामुळे मला सारखे डोळे पुसावे लागले.

चारुदत्तला त्याचं मत विचारलं. म्हणाला, “फायटिंग बेस्ट.” मोजकं बोलतो. माझ्यात तो गुण आणायला हवा.

७ मार्च, शुक्रवार

महत्त्वाचं. चारुदत्त आज मला ‘तू’ म्हणाला. शब्द असे: “तू लाइनीत राहा, मी तोवर चहा घेऊन येतो.” ‘तुम्ही’वरून ‘तू’वर एका महिन्यात. चहा मात्र त्याचा त्यानेच घेतला. लाइनीत कप आणणं बरोबरही दिसलं नसतं.

मत: जुळे भाऊ. एक इन्स्पेक्टर, एक चोर. दोघांची आई एकच, तरी तिला कळत नाही. भारतीय स्त्रीचा अपमान. गाणी तीन बरी. एक सारखं तोंडात येतं आहे, ते विसरण्याचा प्रयत्न चालू.

आईने विचारलं, कुणाबरोबर गेली होतीस? म्हटलं, सिनेमाचा अभ्यास करणारे आम्ही काही जण आहोत. आई म्हणाली, “बी. ए. होऊन रांगेतच उभं राहायचं होतं तर रेशनच्या राहायचंस. साखर तरी आली असती.”

आईचं शिक्षण चौथी. मी रागावले नाही.

२३ मार्च, रविवार

भवानीपूरला सकाळच्या खेळाला एक गंभीर बंगाली चित्रपट. चारुदत्तला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. काल त्याचा निरोप आला, पोट बिघडलंय. एकटीच गेले.

मत: महान कलाकृती. एक माणूस खिडकीतून नदीकडे बघतो. सुरुवातीला मी प्रत्येक फ्रेम नीट पाहिली. मध्यंतराआधी डोळे मिटून थोडं चिंतन केलं. चिंतन संपलं तेव्हा शेजारच्या बाई मला हलवत होत्या आणि तो माणूस अजून खिडकीतच होता. यालाच संयम म्हणतात.

येताना ट्राममधून चारुदत्तसारखा कुणीतरी दिसला, हिंदी सिनेमाच्या पुरुषांच्या लाइनीत, मिठाईच्या दुकानापाशी. चारुदत्त नसणार. त्याचं पोट बिघडलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

भयंकर ऊन. लेडीज लाइनसुद्धा रस्त्यापर्यंत आली होती. माझ्यापुढे एक जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बंगाली बाई, मागे मीनाक्षी नावाची एक मारवाडी सून. बंगाली बाईंनी वळून विचारलं, “तुमचा कोण? दादा की नवरा?” मला अर्थ कळेना. मीनाक्षीने समजावलं: तिला तिच्या तिन्ही दिरांनी पाठवलंय, दीर समोर सरबत पिताहेत. बंगाली बाईंना जावयाने पाठवलंय. म्हणाल्या, “मुलगी दिली, त्यात हेही आलं.” लाइनीतल्या सगळ्या हसल्या.

मी स्पष्ट सांगितलं की माझं तसं नाही, आम्ही चित्रपटकलेचे अभ्यासक आहोत. मीनाक्षीने खांबाकडे बोट दाखवलं. “तो निळ्या शर्टवाला अभ्यासक तुमचाच ना? मघापासून बोटांनी चार-चार करतोय.”

चारुदत्तने खरंच चार बोटं वर केली होती. मी मान हलवली. लांबून, न बोलता, एकमेकांना समजणं. फार थोड्यांना साधतं.

मत: आजच्या सिनेमाबद्दल लिहिण्याइतकं त्यात काही नव्हतं. (नायिकेच्या साडीचा रंग आईला सांगितला. तसा मिळाला तर घ्यावा असं वाटतं. केवळ रंग म्हणून.)

६ जून, शुक्रवार

योजना पक्की. ‘चित्रपट अभ्यास मंडळ’. महिन्यातून एक चांगला चित्रपट, नंतर चर्चा. अध्यक्ष मी, चिटणीस चारुदत्त. अध्यक्ष आणि चिटणिसांना वरचेवर भेटावं लागेल, त्याला इलाज नाही. मध्यंतरात त्याला सगळं समजावून सांगितलं. तो शेंगदाणे खात ऐकत होता. मग म्हणाला, “हो हो, चालेल. पण पुढच्या शुक्रवारी तो नवीन लागतोय ना, त्याचं आधी बघ.”

चालेल म्हणाला. त्याची संमती धरायला हरकत नाही. सभासद आजमितीस दोन.

१० ऑगस्ट, रविवार

कालपासून कलकत्त्यात टेलिव्हिजन सुरू झालं. मी या घटनेचं स्वागत करते. घरोघरी ज्ञान जाईल, शेतकऱ्याला हवामान कळेल, आणि धर्मतल्ल्याचे सवंग सिनेमे आपोआप बंद पडतील.

आपल्या लोकांत पहिला सेट श्यामकांतकाकांकडे आला. बाबा पाहून आले. म्हणाले, चित्र हलतं, पण माणसं ओळखू येतात.

चारुदत्तने गेले तीन शुक्रवार काही कळवलेलं नाही. अभ्यास मंडळाच्या घटनेचा मसुदा करायला मी त्याला सांगितलं होतं. त्यात गढला असणार. आणि इतके दिवस बघून त्याला सवंग सिनेमाचा वीट आला असेल तर तो माझाच परिणाम.

तिन्ही शुक्रवारी मी सकाळची शिकवणी घेतली नाही. अचानक बोलावलं तर पंचाईत नको.

२४ ऑगस्ट, रविवार. रात्री

श्यामकांतकाकांकडे टी.व्ही. पाहायला गेले. टी.व्ही. हे निमित्त नव्हतं, मला खरोखर टी.व्ही.च पाहायचा होता.

जिन्यावर चपलाच चपला. खोलीत वीस-पंचवीस माणसं, पलंगावर, जमिनीवर, शिवणयंत्रावरही एक पोर. आधी शेतीचा कार्यक्रम. तागावरची कीड. मी टिपणं घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, “कालिंदी, तुमच्याकडे किती एकर आहे गं?” बातम्यांच्या वेळी मी “शांतता राखा” म्हटलं तर श्यामकांतकाका म्हणाले, “बरोबर आहे, रेडिओ ऐकू येत नाहीये.” रेडिओही चालू होता.

मग सिनेमा सुरू झाला आणि चित्र फिरायला लागलं. चारुदत्त गच्चीवर अँटेना धरायला गेला. वरून तो ओरडे, “आला का?” खालून सगळे, “नाही!” “आता?” “आता दोन नायिका दिसताहेत!” “मग काय करू?” “राहू दे, बरंय!” असं बराच वेळ. मी वर जाऊन मदत करावी म्हणून उठले, तर सरोजकाकूंनी चिवड्याचं पातेलं हातात दिलं. चिवडा सगळ्यांना पुरेपर्यंत सिनेमा संपला.

सोफ्यावर सरोजकाकूंच्या शेजारी एक मुलगी बसली होती. नागपूरची, लीना. पाहुण्यांतली दिसते. तिला चिवडा बशीत दिला, बाकीच्यांना कागदावर. नागपूरचे लोक पाहुण्यांचं फार करतात.

मत: टेलिव्हिजन हे माध्यम चांगलं आहे, पण त्यात प्रत्यक्ष भेट होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा गेले. अभ्यास मंडळाचं आज ठरवूनच यायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. आणखीही काही बोलायचं होतं. ते इथे लिहीत नाही, कारण ते आता बोलायचं नाही.

दार लीनानेच उघडलं. चारुदत्त मागून म्हणाला, “अगं, हीच ती कालिंदी. तिकिटं काढते ती.” लीना एकदम हसली. “अय्या, त्या तुम्ही! हे पत्रात लिहायचे ना, की कालिंदीच्या कृपेने आज पहिल्या दिवशी पाहिला. मला वाटलं, कुणी काकू असतील!”

चांगली मुलगी आहे. मनात काही ठेवत नाही.

पत्रं वर्षभर चालू होती. लग्न मार्गशीर्षात.

सरोजकाकूंनी मला सोफ्यावर बसवलं आणि चिवडा बशीत दिला.

टी.व्ही.वर काय होतं ते पाहिलं. आठवत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

रात्रभर विचार केला. हा प्रश्न व्यक्तीचा नाही. मुळात ‘लेडीज लाइन’ ही कल्पनाच प्रतिगामी आहे. स्त्रीला सवलत दिल्याचा देखावा, आणि फायदा सावलीत उभ्या असलेल्या पुरुषाचा. मीनाक्षी, तिचे तीन दीर, त्या बाईंचा जावई, सगळं एकाच व्यवस्थेचा भाग. या व्यवस्थेला कुणीतरी नकार द्यायला हवा. शिकलेल्या बाईने नाही द्यायचा तर कुणी?

यापुढे मी कोणत्याही पुरुषासाठी रांगेत उभी राहणार नाही. चारुदत्त नक्की येणार: लीनाच्या घरची माणसं येणार आहेत आणि दुर्गापूजेआधी मोठा सिनेमा लागतो आहे. तेव्हा मी शांतपणे, सन्मानाने नाही म्हणेन. तो चमकेल. आपण काय गमावलं ते त्याला कळेल. मग काही झालं तरी माझा इलाज नाही.

सिनेमातल्या नायिका अशा वेळी जिन्यावर पडून रडतात. मला हे कधीच पटलेलं नाही. आमचा जिना चाळीचा आहे, तिथे वर्दळ फार.

१५ सप्टेंबर, सोमवार

नकाराचं भाषण तयार. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. “चारुदत्त, मी माणूस आहे, खिडकी नाही.” इथे थोडं थांबायचं. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “कुणाला रागावते आहेस?” म्हटलं, व्यवस्थेला. आई म्हणाली, “मग जरा हळू. ती दोन गल्ल्या सोडून राहते.”

आईला सगळं कळतं असं मला कधी कधी वाटतं. चौथीच्या मानाने.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चारुदत्त आज आमच्या घरी आला. पहिल्यांदाच. नवा शर्ट. आईने पोहे केले, बाबा जेटीवरून आलेले, त्यांनी त्याला विम्याबद्दल विचारलं. मी खुर्चीच्या कडेला बसून वाट पाहत होते. पहिलं वाक्य तोंडात तयार होतं.

पोहे संपवून तो म्हणाला, “तुला सांगायला आलो, शुक्रवारी तो मोठा सिनेमा लागतोय. लीनाकडची मंडळी आलीत, सगळे रविवारी जाणार, तिकिटं शुक्रवारीच काढायची. पण तुला आता त्रास नाही हं. लीना आहेच. लाइनीत ती उभी राहील.”

मी म्हटलं, काय?

तो म्हणाला, “अगं, इतके महिने तुला राबवलं, आई माझ्यावर चिडलीच आहे. आता घरचंच माणूस झालं. तू सुटलीस.”

भाषणात यावर काहीच नव्हतं. नकार द्यायला कुणी काही मागायला तर हवं.

त्यानंतर मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण डायरीत खोटं लिहायचं नाही असा माझा नियम आहे. मी म्हटलं, “लीना इथे नवी आहे. तिला धर्मतल्ल्याची लाइन झेपायची नाही. पहिल्या दिवशी बायकासुद्धा ढकलतात. कोणती खिडकी आधी उघडते तेही तिला माहीत नाही. मीच जाते.”

तो म्हणाला, “नको गं, कशाला?” मी म्हटलं, त्यात काय, मला सवय आहे. तो म्हणाला, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. मग तो उठला, आईला नमस्कार केला आणि जिन्यातून ओरडून म्हणाला, “मग सात काढ. बाल्कनी.”

खिडकीवर एका बाईला चारच्या वर देत नाहीत. आईला बरोबर चल म्हटलं. आईने पोह्याच्या बशा उचलून मोरीत ठेवल्या. मग म्हणाली, “किती वाजता निघायचं?”

शुक्रवारी सकाळी सात वाजता ट्राम पकडायची. या सात तिकिटांत मी आहे की नाही, ते विचारायचं राहिलं.