कुठलाही चार्जर चालेल

दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उबवणीच्या पेटीतली ऊब घसरली की भोंगा वाजायला हवा. मग नेमक्या त्याच वेळी आपला तळहाताएवढा संगणक बंद का पडतो? दादा, मला सांगता येत नाही. घरातली पहिली पदवी माझी, आणि तुझ्या एवढ्याशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

इथे टेबलावर तसाच संगणक, तसाच भोंगा जोडून दहा वेळा वाजवला. एकदाही बंद पडला नाही. तिकडे पेटीत तीनशे अंडी, आज अकरावा दिवस. अंडं पापणीला लावून ऊब बघायची आईची सवय मीच मोडली. आता यंत्र बघेल, तू आराम कर, असं तिला ऐटीत सांगितलं होतं.

एवढं कळव: संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येतं का? चार्जरवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय? वायर किती लांब आहे?

सगळ्यांना नमस्कार. रागावू नकोस.

तुझी,
छोटी


दि. ६ मार्च

चि. पदवीधर बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी पेटीला ऊब देणारा दिवा उडाला. भोंगा गप्पच. आई सहज आत गेली, सवयीने एक अंडं पापणीला लावलं आणि मला हाक मारून म्हणाली की हे गार लागतंय. दिवा बदलला. किती वाचली ते तेरा तारखेला, अंडी फुटतील तेव्हा कळेल. बाबांनी तुझ्या यंत्राकडे एकदा बघितलं आणि उडालेला दिवा त्याच्याच शेजारी ठेवून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पिवळं चिन्ह सारखं लुकलुकतं. मला वाटलं, वीज छान येतेय असं सांगतंय. चार्जर माझ्या जुन्या मोबाइलचा, पाच व्होल्ट, एक ॲम्पिअर. पेटीपर्यंत पोचेना म्हणून मधे बारीक तार जोडून आठ हात लांब केला. तूच लिहिलं होतंस, कुठलाही चार्जर चालेल, उगाच नवा घेऊ नकोस. ते पत्र अजून पेटीच्या वर टाचलेलं आहे.

आई म्हणते, पोरीला टोचून लिहू नकोस. तेव्हा इथेच थांबतो.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. मी व्होल्ट पाहिले, ॲम्पिअर पाहिलेच नाहीत. एका ॲम्पिअरवर संगणक जेमतेम जागा राहतो. भोंग्याने वीज ओढली की त्या बारीक तारेत उरलीसुरली ताकद जाते आणि तो मान टाकतो. ते पिवळं चिन्ह तक्रार करत होतं. माझ्या टेबलावर तीन ॲम्पिअरचा, जाड आखूड वायरीचा चार्जर होता, म्हणून इथे सगळं सुरळीत.

दुकानदार म्हणाला, तसा नवा यायला आठ दिवस. तोवर पिल्लांचा दिवस उलटून जाईल.

अकरा तारखेला ऑफिसात साहेबांना माझ्या टेबलावरचं यंत्र चालवून दाखवायचं होतं. नोकरी कायम होणं त्यावरच होतं. आज सकाळी त्यांना सांगितलं की ते चालणार नाही, आणि कारणही खरं सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले. त्या बरंचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

संगणक सॉकेटजवळ सरकव, मधली तार काढून टाक. भोंगा मुद्दाम वाजवून बघ, आणि बाबांना ऐकू दे. आईला सांग, यंत्र सुधारलं तरी पापणी सोडायची नाही. पेटीवरचं जुनं पत्र काढ, त्या जागी हे लाव.

हे पत्र ज्या जाड वायरीच्या चार्जरला गुंडाळलंय, तो माझ्या टेबलावरचा. बसच्या कंडक्टरकडे पुडकं देते आहे, उद्या उतरवून घे. माझा संगणक सकाळपासून बंद आहे.

चुकांसकट माया असू दे.

तुझी,
छोटी