धूरपेटी, जस्ती परात आणि मेहुणा

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पत्र्याची कामे, ज्याला गल्लीत सगळे पत्रेवाले म्हणूनच ओळखतात, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, उजव्या कानाने ऐकू येत नाही, डोके जागेवर आहे. वकीलबाईंनी हे वाक्य सर्वांत आधी लिहायला सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते. अजूनही वाटत नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. छप्पर मी स्वतः घातले आहे आणि ते गळत नाही. गळते असे जावई म्हणाले तर त्यांनी आधी शिडी लावून वर जावे, मग बोलावे. माझ्या दिवंगत पत्नीच्या कपाटात वरच्या कप्प्यात पत्रांचा गठ्ठा आहे. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, तिला धाडलेली पत्रे आहेत ती. त्याला परत करावीत.

कलम २. बँकेत जे असेल तेही मुलीला. आकडा लिहीत नाही, वाचून कोणाला आनंद होण्यासारखा नाही.

कलम ३. धूरपेटी. बंद पडलेल्या एका हॉटेलातून मी कोळशाची ग्रिल उचलून आणली होती, पिंपासारखी आडवी, झाकणाची. तिच्यावर मांस बाहेरून जळे आणि आतून कच्चे राही. तेव्हा मी तिची धूरपेटी केली. डाव्या अंगाला भोक पाडून कोळशासाठी वेगळी लहान पेटी जोडली, म्हणजे आच मांसाला लागत नाही, नुसता धूर आणि ऊब आत जाते. उजव्या अंगाला धुराडे बसवले, तेही जाळीच्या उंचीवर. वर बसवले तर धूर मांसाला न शिवताच पळून जातो. दोन्हीकडे झडपा आणि झाकणात जुन्या भट्टीचा तापमानाचा काटा. काटा एकशेदहाच्या आसपास धरून सहा-सात तास शेजारी बसायचे. फळझाडाची वाळकी लाकडे एका वेळी दोनच घालायची. दाट पांढरा धूर आला की मांस कडू होणार समजावे. धूर पातळ, निळसर हवा. आयुष्यात एवढे चांगले काम माझ्या हातून दुसरे झाले नाही.

समोरचे शिंपी ही पेटी बारा वर्षे मागत आहेत. दिलीही असती, पण त्यांना मी साक्षीदार व्हायला सांगितले आणि वकीलबाई म्हणाल्या, जो साक्षीची सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, दोन्हींपैकी एकच. शिंप्यांनी दोन दिवस विचार केला आणि सही पत्करली. पेटी ठेवायला जागा तरी कुठे आहे, म्हणाले. म्हणून ती जावयांना द्यावी. अट एकच. आच अडवायला आत जो आडवा पत्रा आहे तो जस्ताचा मुलामा दिलेला आहे. तो काढून काळा लोखंडी पत्रा बसवावा, मी कापून ठेवला आहे. न बदलता पेटी पेटवली तर माझा शाप लागेल. माझ्या शापाला कोणी भीत नाही हे माहीत आहे, तरी लिहितो.

कलम ४. परात. दुकानाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वी, मी अंगणात चाळीस माणसांना जेवायला बोलावले. मांस मेहुण्याने दिले. तो खाटीक, बाजारात त्याच्या दुकानाचे नाव होते. मांस आदल्या सकाळी कापलेले, स्वच्छ. ते मीठ आणि भरपूर व्हिनेगर घालून दुसऱ्या दिवसापर्यंत मुरवून मग धूरपेटीत शिजवायचे होते. घरात एवढे मोठे भांडे नव्हते, म्हणून मी तासाभरात जस्ती पत्र्याची खोल परात ठोकून काढली. पत्रेवाल्याला भांडे विकत आणायची लाज वाटते. पितळेत ताक कळकते हे शेंबड्या पोरालाही कळते, आणि आंबटाशी जस्त त्याहून वाईट. यात आंबट काही ठेवू नका, असे बादली विकताना गिऱ्हाइकाला मीच बजावत असे. त्या दिवशी मला ते आठवले नाही. पेटीच्याच नादात होतो.

जेवण सगळ्यांनी वाखाणले. दोन तासांनी पहिली उलटी शिंप्यांना झाली, संध्याकाळपर्यंत तीस जण आडवे. मुलगी तीन दिवस इस्पितळात होती. बाजाराने ठरवले की खाटकाने शिळे मांस दिले. त्याच्या दुकानाला कुलूप लागले. महिन्याने मांस चांगले होते असे तपासणीत निघाले, कुलूपही निघाले, पण गिऱ्हाईक परत आले नाही.

चौथ्या दिवशी मी परात धुवायला घेतली. व्हिनेगर जिथवर होते तिथवर मुलामा खाल्लेला, त्याच्या वर पत्रा नवा चकचकीत. बघताक्षणी कळले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर मी होतो. मी परात माळ्यावर टाकली. आधी म्हटले मुलगी बरी होऊ दे, मग म्हटले त्याचे दुकान उघडू दे, मग म्हटले आता फार उशीर झाला. पत्नीने भर बाजारात भावाला सुनावले, "माझ्या लेकराला विष घातलंस." मी पिशवी धरून शेजारी उभा होतो. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. आठ वर्षांनी ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला विचारले, "त्याला बोलावू का हो?" मी म्हणालो, "कशाला, तुलाच त्रास होईल."

मुली, हे तू पहिल्यांदाच वाचत असशील. या कलमाची प्रत बाजाराच्या चौकात लावावी आणि परात शेजारी ठेवावी. बाजार पाडून तिथे गाड्या उभ्या करतात आणि त्या दिवशी जेवलेल्यांपैकी अकराच जण उरले आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी लावावी.

कलम ५. दुकान, त्यातील पत्रा वाकवायचे यंत्र, कातऱ्या, हातोडे आणि झाळकामाचे सामान मेहुण्याला द्यावे. त्याने दुकान गेल्यावर एका वसतिगृहाच्या मुदपाकखान्यात सोळा वर्षे भाज्या चिरल्या. गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. बेकरीच्या वरची एक खोली, एक खुर्ची, फडक्यात गुंडाळलेल्या सुऱ्या. मी सगळे सांगितले.

"भावोजी, हे ताईला सांगितलं होतंत?" त्याने विचारले.

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

मी म्हणालो की दुकान तुझ्या नावे करतो. साक्षीला कोण आहे एवढेच त्याने विचारले. मी शिंप्यांचा आणि पेटीचा किस्सा सांगितला, दुसरा साक्षीदार अजून मिळायचा आहे हेही सांगितले. मला वाटले तो हसेल.

कलम ६, मागाहून लिहिलेले. काल त्याचा निरोप आला की दुसरी सही मी करतो. आज सकाळी तो काठी टेकत आला. सही केलीत तर दुकान मिळणार नाही, हे वकीलबाईंनी त्याला दोनदा समजावले. "म्हणूनच आलोय," तो म्हणाला. सबब कलम ५ रद्द समजावे. दुकान मुलीला, आणि तिने ते मोडीत काढावे.

पत्रांचा गठ्ठा मी त्याला आजच दिला. पत्नीने एकही पत्र फोडले नव्हते, हे त्याला पाकिटांवरूनच दिसले. त्याने गठ्ठा कोटाच्या खिशात घातला आणि सही कुठे करायची ते विचारले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली. दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही: (पत्रेवाले)

साक्षीदार पहिले, समोरचे शिंपी: यांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर आहेत. (सही)

साक्षीदार दुसरे, मृत्युपत्र करणाऱ्यांचे मेहुणे, पूर्वी खाटीक, स्वतःच्या अक्षरात: यांनी माझ्यासमोर सही केली. भावोजी शुद्धीवर आहेत. एकोणीस वर्षांपूर्वीही होते. (सही)