कोटाची दुमड

५ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

कोटाचं पार्सल मिळालं. उबदार आहे. बाह्या लांब आहेत, चालेल.

वर्गातलं शिकून झालं, आता मैदानातलं काम. जमिनीखाली काय पुरलंय ते न खणता सांगायचं. चुंबकमापक घेऊन मी एका रेषेत जाते, शेजारच्या रेषेने परत येते. जाताना आकडे चढतात, येताना उतरतात. नकाशावर नुसते पट्टे, पायजम्यासारखे. मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको, हा पहिला धडा. घड्याळ, पिना, चष्मा, सगळं काढून पाहिलं. चष्म्याशिवाय खड्ड्यात पडले; पट्टे तसेच.

सर म्हणाले, यंत्र ठीक आहे, दोष चालणाऱ्यात आहे. महिनाअखेरपर्यंत सापडला नाही तर नापास. नापास होऊन घरी येणार नाही, हे निघताना सांगितलंच आहे.

लोभ असावा, सल्ला नको.

ठकू

९ नोव्हेंबर

चि. ठकूबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, पायजम्याचं कळलं, बाकीचं नाही. शेजारच्या मावशींनी विचारलं, तुमची मुलगी पुरलेलं धन शोधते का. मी म्हटलं, सध्या चष्मा शोधतेय.

एक सांगायचं होतं, चिडू नकोस. जाताना तू घराची किल्ली टेबलावर आपटून गेलीस. ती मी कोटाच्या खालच्या दुमडीत शिवली आहे. सांगितलं असतं तर परत पाठवली असतीस. पास हो की नापास, दार तुझंही आहे. तुझ्या लोखंडाच्या नियमात किल्ली येते का गं?

माया आहेच, उत्तर तेवढं दे.

आई

१४ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

येते. किल्ली पोलादी आहे.

उसवून काढली. पट्टे गेले आणि त्यांच्याखालचा पुरलेला नळ नकाशावर सरळ उमटला. तो तिथे आहे हे सरांना आधीपासून माहीत होतं. मी पास आहे.

अहवालात दोषाचं कारण द्यावं लागतं. 'आई' असं लिहून खोडलं, 'कोटातली किल्ली' असं लिहिलं. सर खोडलेलं वाचून बराच वेळ खोकत होते.

कामाच्या वेळी किल्ली माझ्यापासून लांब, डब्यात असते. एरवी खिशात.

रविवारी दुपारी पोचेन. ती तुझी झोपायची वेळ, उठू नकोस. दार मी उघडेन.

लोभ असू दे. फक्त शिवण्याआधी सांगत जा.

ठकू