छत्रीतला ट्राउट

बुइटनव्हेल्डर्ट, आम्स्टरडॅम
१० मार्च २०२४

ती. बाबांस,

शि. सा. नमस्कार. बातमी आनंदाची आहे, तेव्हा चष्मा पुसून घ्या आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचता. शिवाय मोठी बातमी पत्रानेच कळवायची, हा छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाचा घरगुती कायदा.

तर तुमची मुलगी मासे गरवायला लागली आहे! वेंगुर्ल्याला तुम्ही खाडीत गरी टाकून बसता तसं नाही. इथे आमिष म्हणून पिसाची माशी असते. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमाचा धागा बारक्या गरीवर गुंडाळून ती आपणच करायची. तिला वजन नसतं, म्हणून दोरीच जड असते. काठी मागे न्यायची, दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत दम धरायचा आणि मग पुढे. हे सगळं मला योप शिकवतो. मी आठवड्यातून तीन दिवस जाते त्या रोपवाटिकेत तो गुलाबांची छाटणी करतो. वय चौऱ्याहत्तर, बोलणं दिवसाला साधारण दहा शब्द. पहिले दोन महिने त्याने मला पाणी दाखवलंच नाही. घराजवळच्या बागेत गवतावर उभं करून नुसती दोरी फेकायला लावली. कुत्री फिरवणारी माणसं मला लांबून वळसा घालून जायची.

योपचं एक मंडळ आहे, चाळीस सभासदांचं. दक्षिणेला लिम्बुर्ग नावाच्या भागात त्यांचा ओढा आहे. तिथे डोंगर आहेत (तीनशे मीटरचे, पण हसू नका, ह्यांना तेवढेच मिळालेत), आणि त्या थंड, वाहत्या पाण्यात ट्राउट नावाचे मासे असतात. मंडळाने मला एका वर्षाच्या उमेदवारीवर घेतलं आहे. योप जामीन. नियम कडक: प्रत्येक मासा परत सोडायचा, आणि झोपडीतल्या वहीत त्याची नोंद करायची. वर्ष निष्कलंक गेलं तर मी सभासद.

बाबा, सहा वर्षांपूर्वी मी इथे आले ती कुणालची बायको म्हणून. माझ्या प्रत्येक कागदावर तो आहे. ह्या मंडळाच्या अर्जावर पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही की मी कुणाची कोण. मला हे सभासदत्व फार, फार हवं आहे. मे महिन्यात या आणि बघा.

तुमचा लोभ इथवर पोचतो, तो असाच येत राहू द्या.

तुमची,
विशाखा


वेंगुर्ले
३० मार्च २०२४

चि. विशाखा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र सतरा दिवसांनी हातात पडलं. त्यातले किती दिवस आपल्या खात्याचे आणि किती तुमच्या तिकडच्या खात्याचे, ह्याचा शिक्क्यांवरून अंदाज बांधून झाला. आपले कमी आहेत.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. मासा सोडून द्यायचा ह्या ओळीपाशी तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. तिला वाटलं, मीच चुकीचं वाचतोय. मग म्हणाली की पाहुण्याला जेवायला बोलावून पानावरून उठवण्यातला हा प्रकार. मला त्यात फक्त पाहुणा मासा की आपण, एवढंच कळलं नाही. चार तास गार पाण्यात उभं राहायचं आणि घरी येऊन वरणभात खायचा, हा छंद एखाद्या व्रतात शोभेल. त्यातून कुणालराव पडले पुण्याचे आणि शाकाहारी. तुझ्या घरात मासळी शिजून किती दिवस झाले, हे मी विचारत नाही.

आंबोलीच्या घाटात तीनशे मीटरवर अजून गाडीलाही धाप लागत नाही, एवढं योपरावांना सांग. माणूस मात्र चांगला वाटतो. कमी बोलणारा गरवणारा खरा असतो.

मी येतो. तुझी आई येत नाही. नऊ तास खुर्चीत बसून वर हवेत जेवायचं तिला पटत नाही. सारखी विचारते, की पोरगी बरी आहे ना. मी म्हटलं, डोळ्यांनी बघून येतो आणि सांगतो.

कुणालरावांना आशीर्वाद. माया आहेच, तिला तिकीट लावावं लागत नाही.

तुझा,
बाबा


बुइटनव्हेल्डर्ट
२४ एप्रिल २०२४

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचा व्हिसा झाला हे कळलं, आता धीर धरवत नाही. हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहिते आहे.

पहिला ट्राउट मिळाला! परवा, सकाळी दहाच्या सुमाराला. एका वाळुंजाच्या झाडाखाली पाणी संथ होतं तिथे योपने नुसतं बोट दाखवलं. माझी माशी तीनदा फांदीत अडकली. चौथ्यांदा पाण्यावर अशी अलगद पडली की मलाच खरं वाटेना. ती तरंगत आली, पाण्याला छोटीशी चुणी पडली आणि काठी एकदम जिवंत झाली. बाबा, तुमची तांबोशी ओढते ना, त्याच्या पावपटही नसेल, पण मी काठी दोन्ही हातांनी धरून ठेवली. हात आधी पाण्यात भिजवायचे, मगच माशाला धरायचं, नाहीतर त्याच्या कातडीला इजा होते. अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून मी नुसती धरून उभी राहिले. त्याला दम आला तसा तो आपणहून निघून गेला. ते निघून जाणं हातात जाणवतं. मी रडले. योपने नाक शिंकरायचं निमित्त करून पाठ फिरवली.

आता सूचना. ओढ्यावर पाहुण्याला येता येतं, पण गरवता येत नाही. काठावर बसायचं. छत्री आणा. लोणची आणू नका, गेल्या वेळची बरणी कुणालच्या पुस्तकांवर सांडली होती.

लवकर भेटू, म्हणून लोभ आत्ता मागत नाही.

तुमची,
विशाखा


बुइटनव्हेल्डर्ट
१२ जून २०२४

ती. बाबांस,

शि. सा. न. तुम्ही सुखरूप पोचल्याचं आईने फोनवर सांगितलं. तुम्ही फोनवर आला नाहीत, त्याचं कारण आपल्या दोघांनाही माहीत आहे. विमानतळावर आपण हवामानावर बोललो. आता लिहिते.

त्या शनिवारी मी ओढ्यात वरच्या अंगाला होते आणि तुम्ही खाली काठावर चीजचं सँडविच खात बसला होतात. निदान मला तसं वाटलं. शिवणाच्या डबीतून गरी आणि दोरी आणलीत हे मला ठाऊक नव्हतं. त्या चीजचा गोळा करून तुम्ही गरीला लावलात. एकतीस वर्षं जातिवंत पिसं जमवणाऱ्या योपला त्या दिवशी एकही मासा लागला नाही आणि तुम्हाला चीजवर हातभर ट्राउट मिळाला, ही गोष्ट एरवी मी जन्मभर हसत सांगितली असती.

मास्त्रिख्त स्टेशनवर धो धो पाऊस आला आणि तुम्ही मिटलेली छत्री छातीशी धरून चिंब भिजत उभे राहिलात. मी तीनदा म्हटलं, छत्री उघडा. तुम्ही म्हणालात, ह्या पावसात काय उघडायची, आपला पाऊस बघितलायस ना. मला तुमचा अभिमान वाटला होता हो! छत्रीत मासा होता हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी रविवारच्या पाळीवरून आल्यावर कळलं, तेव्हा तो तिरफळं लावून तव्यावर होता आणि कुणाल गच्चीत नाक धरून उभा होता.

मी खूप ओरडले. त्याची लाज वाटते. पण मासा तर परत जिवंत होणार नव्हता, आणि वास असा सुटला होता की सहा वर्षांची भूक एकदम पोटात आली. मी जेवले. दुसरा तुकडाही घेतला.

पण बाबा, तेव्हापासून ओढ्यावर गेले नाही. वहीत त्या शनिवारी माझ्या नावापुढे शून्य लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने. कुणालाही कळणार नाही. योपलाही नाही. कुणाल म्हणतो की विसरून जा. मी योपशी नीट बोलू शकत नाही, आणि तो बिचारा दहाचे अकरा शब्द करून विचारतो, की बरं नाही का. सांगितलं तर सभासदत्व जाईल आणि त्याची जामीनकीही. काय करू?

तुमच्यावर राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही एकाच पाकिटात पाठवते.

तुमची,
विशाखा


वेंगुर्ले
१ जुलै २०२४

चि. विशाखा हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं नाही. तिने माझ्या उशीखालून काढून स्वतः वाचलं आणि दोन दिवस मला फक्त पेज वाढली.

चूक माझी. चोरी करायची म्हणून केली नाही असंही म्हणत नाही. गरी घरून नेली होती, म्हणजे मनात होतंच. माझ्या पोरीला एक दिवस पोटभर मासळी करून घालायची, एवढंच डोक्यात होतं. मंडळाच्या अध्यक्षांना पत्र लिहून सोबत जोडलं आहे. तू त्यांच्या भाषेत करून दे. नक्कल अशी:

“अध्यक्ष महोदयांस, वेंगुर्ल्याहून दीनानाथ परुळेकर, निवृत्त पोस्टमास्तर, ह्यांचा नमस्कार. मे महिन्यात मी आपल्या ओढ्यावर पाहुणा होतो. नियम ठाऊक असून मी आपला एक ट्राउट धरला, छत्रीत लपवला आणि नेला. माझ्या मुलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिला बाजारातला मासा म्हणून सांगितलं. तिचा दोष नाही. मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी.”

खात्यात असताना दुसऱ्याचं पत्र मी कधी फोडलं नाही आणि त्यातला शब्द कधी बदलला नाही. तूही ह्यातला बदलू नकोस.

तुझा,
बाबा


बुइटनव्हेल्डर्ट
११ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र मी शब्दन् शब्द डचमध्ये केलं. बदलला एकही नाही. फक्त खाली स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या: वडिलांनी माझ्यासाठी खोटं लिहिलं आहे. मासा कुठला ते मला जेवायच्या आधी कळलं होतं. तरी मी खाल्ला. दोन तुकडे.

मंडळाच्या समितीच्या आधी योपला सांगितलं. तो सबंध दुपार गुलाब छाटत राहिला. एका झाडाचं तर टक्कल केलं. शेवटी कात्री खिशात घातली आणि विचारलं, की चवीला कसा होता. एकतीस वर्षांत त्याने त्या ओढ्यातला मासा चाखलेला नाही! मी खरं ते सांगितलं, की जरासा चिखलट होता, तिरफळांनी सावरला. त्याने मान हलवली. त्याला बहुधा तसाच संशय होता.

समितीने तुमचं पत्र उभ्याने वाचलं म्हणे. इतक्या लांबून कबुली यायची ही मंडळाची पहिलीच वेळ. पण नियम तो नियम. माझी उमेदवारी रद्द झाली. पुढच्या एप्रिलपासून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात, जामीन पुन्हा योपच, त्याने स्वतःहून हात वर केला. तोवर काठीला हात लावायचा नाही. ओढ्यात पडलेल्या फांद्या काढायला आणि काठावर रोपं लावायला मात्र यायचं.

मी वाईट वाटून घ्यायला बसले होते, पण ते काही जमलं नाही. मागच्या रविवारी कमरेइतक्या पाण्यात फांद्या ओढत होते. हातात काठी नव्हती, तरी मासे चुण्या पाडत होते आणि मी मोजत होते. सतरा झाले. कुणालही आला होता, बूट भिजवून परत गेला.

रागावला असाल. खोटं ठरवलं तुम्हाला, ते मुकाट्याने पोटात घाला.

तुमची,
विशाखा


वेंगुर्ले
३१ ऑगस्ट २०२४

चि. विशाखा हिस,

अनेक आशीर्वाद. हो, रागावलो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत न लिहिलेलं एकच खोटं लिहिलं आणि पोटच्या मुलीने त्याच कागदाखाली ते पकडून दिलं. तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पेज बंद झाली, काल पानात मासळी आली, सौंदाळे.

आता माझ्याकडूनही एक कबुली घे, कारण तू सगळं सांगून मोकळी झालीस आणि मी अजून नाही. मी नुसता तुला भेटायला आलो नव्हतो. तुझी आई आणि मी ठरवून ठेवलं होतं, की पोरगी तिथे सुकत चालली असेल तर कुणालरावांशी बोलायचं, पुण्याला नोकरी बघा म्हणायचं. काय बोलायचं ते मी विमानात कागदावर उतरवून ठेवलं होतं. तीन आठवडे तो कागद खिशात घेऊन तुझ्याकडे बघत होतो. तू दाखवत होतीस सगळं, पण कसं? हे ह्यांचं बाजाराचं ठिकाण, ही ह्यांची ट्राम, हा ह्यांचा पाऊस. सहा वर्षं राहून त्या देशातली एकही वस्तू तू आपली म्हणत नव्हतीस. मी बोलायचा दिवससुद्धा ठरवला होता. मासळी खाऊ घालायची आणि जेवण झालं की कुणालरावांना बसवून सांगायचं.

आणि त्या दुपारी तू दारातून आलीस, तवा आणि शेजारी खवल्यांनी भरलेली छत्री बघितलीस आणि किंचाळलीस, की बाबा, हा आमच्या ओढ्यातला मासा आहे, आमच्या माणसांना मी आता काय तोंड दाखवू. मी उलथनं धरून तसाच उभा राहिलो. तुला वाटलं, शरमेने. शरम होतीच ग, पण मला आत काय होत होतं ते तुला कसं सांगू! तुझ्या तोंडून आमच्या हा शब्द आला आणि त्यात आम्ही दोघं नव्हतो.

तो कागद मी विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकला. घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं, की तिला परत आणायचं आता कधी बोलायचं नाही, सुट्टीत चार दिवस ये म्हणायचं. ती बरं म्हणाली आणि विहिरीवर गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेलो, तर कळशी रिकामीच घेऊन बसली होती. मीही तिच्याजवळ बसलो.

योपरावांना नमस्कार सांग. चार दिवसांसाठी कधी येतेस ते कळव.

तुझा,
बाबा