चौदा तासांपुरता बर्फ

३ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझा मित्र आज सकाळी माझ्या कामाच्या जागी येऊन वहिनीच्या इंजेक्शनांची पेटी घेऊन गेला. माणूस भला, पण तोंडात मिठाची गुळणी धरलेला. प्रवासाचं विचारलं तर नुसता हसला. औषधांच्या गार पेट्या भरण्यात माझी दहा वर्षं गेली, पण एवढी लांबची पेटी पहिल्यांदाच भरली. चौदा तासांचं विमान म्हणजे बर्फाच्या अठरा पिशव्या! झाकण बसेना, शेवटी मीच त्यावर बसले.

आतलं बटणाएवढं यंत्र तेवढं न चुकता परत पाठव, नाहीतर मॅडम माझी खरडपट्टी काढतील.

आणि आईचं मनाला लावून घेऊ नकोस. निघालो म्हणून तुझा फोन आला तेव्हा ती चांगली शुद्धीवर होती. नवव्या तासाला गेली. विमानच चौदा तासांचं, त्याला तू काय करणार? आत्या काहीबाही बोलली, तिला मी गप्प केलं.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी बारकी

१४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पेटी सुखरूप पोहोचली. तुझा बर्फ जसाच्या तसा होता! यंत्र सोबत पाठवतो आहे. वहिनी म्हणते, नणंद असावी तर अशी. आत्याला गप्प केलंस हे वाचून डोळे भरून आले. रजा मिळाली की येईन, पण अंतर तुला माहीतच आहे.

तुझा दादा

२१ मार्च

दादास नमस्कार.

यंत्र मिळालं. पेटीतला गारवा आणि उजेड, दोन्ही ते वेळेसकट टिपतं. पेटी मी सकाळी दहा वाजता बंद केली आणि त्याच दुपारी दोन वाजता ती उघडली गेली, मग पुन्हा गार झालीच नाही. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. दुसऱ्याशी ताडून पाहिलं, तर ठणठणीत आहे.

चार तासांत माझ्या टेबलावरून तुझ्या घरात! दादा, तू राहतोस कुठे? आणि आई गेली त्या दिवशी चौदा तास होतास कुठे?

बारकी

२ एप्रिल

बारके,

दोन वर्षांपूर्वीच माझी बदली झाली. इथून विमान दीड तासाचं. तुझी पत्रं तिकडचा जुना शेजारी इकडे धाडतो. सांगितलं असतं तर आईच्या प्रत्येक दुखण्याला धावावं लागलं असतं. तू होतीस, म्हणून मी अंग काढून घेतलं.

त्या दिवशी मात्र मिळालं ते पहिलं विमान धरलं. चौथ्या तासाला तुमच्या विमानतळावर उतरलो. इतक्या लवकर दारात उभा राहिलो असतो तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून तिथेच बाकावर बसून राहिलो. डॉक्टर अजून दोन दिवस म्हणाले होते ना? आई गेली तेव्हा मी त्याच बाकावर होतो. माफी मागायला तोंड नाही.

दादा

९ एप्रिल

दादा,

किती तास राहिले, हे आईचं शेवटचं विचारणं. मी तिचा हात चोळत सांगितलं, अजून पाच. एवढं नाही गं व्हायचं, म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तेव्हा तू टॅक्सीने अर्ध्या तासावर होतास. तुझं खोटं आईला मी सांगितलं, माझ्या तोंडाने. हे मी तुला कधीच माफ करणार नाही. काल आत्याकडे जाऊन तिची माफी मागून आले.

वहिनीचं दुखणं खरं आहे, तिची इंजेक्शनं वेळच्या वेळी येतील. तू येऊ नकोस. लोभाचं काही लिहायला हात धजत नाही. पेटीत आता चार तासांपुरताच बर्फ घालीन.

बारकी