उजव्या पानावरची ज्वारी

सर, आज विद्यापीठातल्या बैठकीतून आलो तो दमूनच. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम आता आंतरराष्ट्रीय करायचा आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाचा आराखडा आला आणि आमच्या अभ्यास मंडळाने तो दुपारच्या चहाच्या आत उरकला. तुमची रीत त्यात नाही, हे चर्चेतूनच कळलं. डाव्या पानावर परदेशी पुस्तकातली आकृती, उजव्या पानावर आपल्याकडच्या झाडाची, स्वतः बघून काढलेली. सोलापुरातल्या आमच्या प्रयोगवह्या तुम्ही अशाच भरून घेतल्यात आणि पुढे सगळ्यांशी भांडून ती रीत अभ्यासक्रमातही घातलीत.

सत्तरच्या दशकातला, दुष्काळ सरल्यानंतरचा तो हिवाळा. सोमवारी तुम्ही गावाकडून, केमहून, रेल्वेगाडीने येता, बगलेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली ज्वारीची ताटं. शिपाईमामा दारातच विचारतात, "सर, वैरण म्हशीला हाय का पोरास्नी?" तुम्ही म्हणता, "दोगांची भूक सारखीच की!" मग वस्तऱ्याने ताटाचे पातळ काप घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मला पुस्तकातली मक्याची आकृती तोंडपाठ होती. मी दीडशहाणा, ती डावीकडे काढली आणि तीच, नाव बदलून, उजवीकडे. तुम्ही पाठीशी येऊन उभे राहिलात, वही पाहिलीत, वाकून भिंगाला डोळा लावलात. खालचा आरसा मी खिडकीकडे वळवलाच नव्हता. आत सगळा काळोख.

"लई झ्याक काढलीस की. अंधारात कुटं दिसली रं तुला?" वर्ग हसला. माझे कान तापले. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "साऱ्या जगाची पुस्तकं वाच, मीच आणून देतो. पर जगाला दाखवायला तुज्याकडं कायतरी नको व्हय?" वही फाडली नाहीत. आरसा वळवून दिलात आणि मला पुन्हा स्टुलावर बसवलंत. त्या दिवशी मी पहिल्यांदा ज्वारी पाहिली. भाकरी तर जन्मापासून खात होतो.

आज एका तरुण प्राध्यापिकेने विचारलं, "सर, ते उजवं पान ठेवू या ना? तिकडच्यांनाही आपलं काही बघायला मिळेल." सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण तुमचा विद्यार्थी म्हणून तिथे माझ्या शब्दाला वजन आहे. मी हो म्हटलं असतं तर पान राहिलं असतं. पण मग पुन्हा बैठका, पुन्हा वाद. कंटाळा आला होता, सर. "बघू पुढं," म्हणालो आणि सही केली.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पत्र टाकणार तरी कुठे. जुन्या प्रयोगवहीतच ठेवून देतो. एवढंच सांगायचं राहिलं, की तो परदेशी आराखडा मी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही. सहीच्या वर मात्र माझ्या सुबक अक्षरात लिहून आलोय, 'वाचून मान्य.'