गुंजवणीच्या पाण्यावरचे चक्रवाक

दादा, दुपारची वेळ आहे, स्टुडिओत कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. हल्ली बहुतेक दुपारी कुणी नसतंच. पासपोर्ट फोटो लोक मोबाईलवर काढतात, लग्नांना पुण्याहून ड्रोनवाले येतात. तुम्ही काढलेली ती घार तुम्ही गेल्यावरही भिंतीवर आहे, फोटोत शेपटी कापली गेलेली. परवा एक बाई म्हणाल्या, हा चुकलेला फोटो कशाला लावलाय? मी म्हटलं, वडिलांनी काढलाय. लग्नाच्या रोलमध्ये शेवटी दोन-तीन फोटो उरायचे, तेवढ्यावर तुमचं पाखरांचं वेड भागायचं, हे त्यांना कसं समजावू? रोल धुतला की आधी नवरा-नवरी, मग पंगत, आणि सगळ्यात शेवटी एखादा धुरकट पंख. तो बघायला तुम्ही मला हाक मारायचात.

भाटघरच्या पाण्यावरची ती सकाळ मला अजून दिसते. थंडी आहे, तुम्ही चिखलात गुडघे टेकून बसलेले, समोर बदकं पाण्यावर निवांत. किती वेळ झाला तरी उडेनात. मी लहान, मला तुमची दया आली, म्हणून ढेकूळ उचलून भिरकावलं. सगळी उडाली, आणि तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावलाच नाहीत. मला जवळ बसवून म्हणालात, "लई लांबनं आलीत ती. दमलीत. त्यांना उडायचं तवा उडतील, आपण थांबायचं." मी विचारलं, "आन् न्हाई उडली तर?" "मग न्हाई उडली. घरी जायचं." एवढंच बोललात, पण घरापर्यंत माझा हात धरला नाहीत. दहावी झाल्यावर मात्र अख्खा रोल माझ्या हातात दिलात. "ह्यो पुरा तुझा. ह्याच्यात लग्नाचा एक बी फोटो काढायचा न्हाई." तशी वस्तू मला पुन्हा कुणी दिली नाही.

आता माझे केस तुमच्याइतके पांढरे झालेत. खांदा दुखतो, मोठी लेन्स फार वेळ पेलवत नाही. रविवारी पुण्याच्या लोकांना पक्षी दाखवायला नेते, तेवढाच आधार. या हिवाळ्यात एका गटाला गुंजवणीच्या पाण्यावर नेलं होतं. काठाच्या उथळ पाण्यात चक्रवाक उभे, केशरी बदकं, उन्हात शेकत. टोपीवाले एक गृहस्थ सारखे घड्याळ बघत होते. "मॅडम, उडवा ना जरा. आम्हाला परत जायचंय." मी म्हटलं, "थांबा, उडतील." त्यांनी दगड मारला. मी "अहो!" म्हणून ओरडले, आणि ओरडतानाच कॅमेरा डोळ्याला लागला, बोट दाबलं गेलं. विचार केला नाही, दादा. इतक्या वर्षांचा हात आहे, तो गेलाच. चक्रवाक ओरडत दोनदा फिरले आणि पलीकडच्या काठाला गेले, ते आम्ही असेपर्यंत परत आले नाहीत. मी त्या गृहस्थांना पुष्कळ बोलले. पुन्हा माझ्याबरोबर यायचं नाही, असंही सांगितलं.

विंझरला चहाला थांबलो, तेव्हा ते शेजारी येऊन म्हणाले, "सॉरी मॅडम, चुकलंच माझं. माझे सगळे फोटो हललेत. तुम्हाला मिळाला का एखादा?" मी ग्लासात बघत म्हटलं, "नाही मिळाला."

मिळालाय, दादा. मागे तोरणा, पुढे सगळा थवा, पंखांवरचे पांढरे पट्टे स्वच्छ, सगळ्यात पुढच्याच्या पायांवरून पाणी गळतंय ते थेंबसुद्धा मोजता येतात. असा फोटो मला जन्मात आला नव्हता. कुणाला दाखवलेला नाही. पुसून टाकायचा म्हणून रोज उघडते, आणि बघत बसते. डोळे थकले की फोटो बंद करते.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. मला तो फोटो फार आवडतो. आणि तुम्ही रागवाल याची भीती वाटत नाही तेवढी, तुम्हालाही तो आवडला असता याची वाटते.